सुकाचे बैल

शाळा सुटली, तसा शिपाई विश्रामने लाल निशाण धरून चिंचणीचा रस्ता अडवला. सगळी मुलं पार गेल्यावर तो फाटकाशी परतला. पण सुकाच्या गाडीचे बैल रोजच्यासारखेच हलेनात. मागे तारापूरच्या बांधकामावर खडी नेणारे ट्रक भोंगे वाजवू लागले.

"हाक की!" विश्राम ओरडला.

"कसा हाकू? आजून कोन तरी रस्त्यात हाय," सुका म्हणाला.

रस्ता रिकामा होता. बैलांच्या माना मात्र हळूहळू डावीकडून उजवीकडे वळत होत्या. रोज त्या पलीकडच्या कुंपणापर्यंत वळल्या की बैल चालू लागायचे.

आज त्या अर्ध्यातूनच परत फिरल्या आणि विश्रामवर थांबल्या.

वैतागलेला एक ट्रक बाजूने भरधाव पुढे निघाला. तेवढ्यात एका लहानशा मुठीने विश्रामचं बोट घट्ट धरलं आणि त्याला रस्त्यात ओढलं.