रोजचंच

शेजारच्या गाणाऱ्या काकूंची रियाजाची खोली आवाजबंद करायचं काम तिच्या नवऱ्यानं हौसेनं अंगावर घेतलं, तेव्हा सगळी आळी त्याचं कौतुक करत होती. तिला मात्र ते काम होऊच नये असं वाटत होतं. दोन घरांमध्ये ती एकच भिंत. त्याचा उगारलेला हात कितीदा तरी त्या भिंतीकडे बघूनच खाली आला होता.

भिंतभर फोम चिकटवून झाला, दाराला रबरी पट्टी बसली. "तू काकूंजवळ थांब, मी आपल्या घरातून ओरडतो," असं सांगून तो गेला. दोघी कान देऊन बसल्या. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. यापुढे आपण कितीही ओरडलो तरी इथवर पोचणार नाही, हे तिला कळून चुकलं.

तो हसत आला. "काय काकू? आता देवालासुद्धा काही ऐकू जायचं नाही!"

"देवाचं सोडा, मलाच सगळं ऐकू आलं की," काकू म्हणाल्या.

देवाची गाणी म्हणण्यात जन्म घालवलेली ही बाई चक्क खोटं बोलत होती! तिनं घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं होतं.

"असं? मग काय ओरडलो मी, सांगा बघू."

काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"रोज हिला जे बोलता, तेच."