हुबेहूब आवाज

एआय आता कुणाचाही आवाज हुबेहूब काढतं, म्हणून मीच आईला बजावलं, "अनोळखी नंबरवरून मी रडत फोन केला ना, तर सरळ कापायचा! ती मी नसणार."

आई घाबरलीच. "तुह्या आवाजात दुसरंच कोणी बोलन? बापा!"

आज क्लासवरून येताना सीताबर्डीत एका ऑटोनं मला सायकलसकट उडवलं. मोबाइल फुटला, पाय तर हलेचना. जमलेल्या गर्दीतल्या एका काकूंचा फोन घेऊन मी रडतच म्हटलं, "आई, मी मयुरा वं! लवकर ये, लय दुखून राहिलं!"

फोन कापण्याआधी आई मोठ्या ऐटीत म्हणाली,

"मले फसवून राहिली काय वं? माह्या पोरीनं सारं शिकवून ठेवलं आहे मले!"