हॉलंडचे अकरा फोटो

बेबाबाईंनी अल्बमचं पान उलटलं आणि पुढचं पान रिकामं निघालं. काळ्या कागदावर नुसते चिकटवलेले कोपरे. त्याच्या पुढचंही तसंच.

“इथले फोटो कुठं गेले?”

रुपचंद नानांनी चहाचा कप तोंडाला लावला. कप रिकामा होता, तरी त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला.

अमळनेरहून झुलाल आबा आणि बेबाबाई धुळ्याला मुलगी बघायला आले होते. तीन स्थळं परत गेल्यावर नानांच्या हेमलतासाठी आलेलं हे चौथं. आबांच्या दारात नवी जीप होती. नानांनी त्यांना पत्रातून कळवून टाकलं होतं की गेल्या साली मुलाकडे हॉलंडला गेलो, तेव्हा सहकुटुंब चार दिवस मोटारीनं फिरलो. प्रत्यक्षात तिथं ऐन वेळी रेल्वेचा संप झाला, शेजाऱ्यांनी तीन सायकली काढून दिल्या आणि सहकुटुंब चार दिवस पायडल मारलं. धुळ्यात सायकलवर दूधवाला येतो, पोस्टमन येतो. परदेश पाहून आलेला माणूस येत नाही.

म्हणून सकाळी नानांनी अकरा फोटो उपटून दिवाणावरच्या गादीखाली सारले होते. पाहुणे कुठं बसतील, हा विचार तेवढा राहून गेला.

“ते होय! सायकलचे!” नानांच्या पत्नी कमलबाईंचा चेहरा उजळला. सकाळची नवऱ्याची ताकीद त्या उजेडात कुठल्या कुठे गेली. “काय सांगू बेबाताई, हेमानं मला डबलशीट घेऊन उलट्या वाऱ्यात सात किलोमीटर ओढलं. मी मागं बसून नुसती हसत होते. आबा, जरा उठता का?”

झुलाल आबा उठले. गादीखालून अकराच्या अकरा फोटो निघाले.

आबांनी चष्मा लावला आणि जीपचे कागद तपासावेत तसा एकेक फोटो तपासला. “यात मोटार दिसत नाही, पाटील.”

“ती... फोटोत आली नाही.”

“आणि हा कोण?”

कालव्याच्या काठानं पांढऱ्या टोपीतला एक माणूस सायकलवर चालला होता. दोन्ही हात हवेत, तोंड उघडं. हसताना त्याच्या दाढा दिसत होत्या.

नानांनी फोटो लांब धरून पाहिला. “असेल तिथलाच कुणीतरी.”

“टोपी तर आपल्याकडची शे.”

“तिकडंही घालतात हल्ली.”

“नाना आहेत ते.” कप न्यायला आलेली हेमलता दारातून बोलली. “मीच काढला. हात सोडा असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनीच सोडले.”

पंखा फिरत राहिला. कमलबाईंना आता सकाळची ताकीद आठवली. नानांना मनातल्या मनात जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

बेबाबाईंनी फोटो घेतला. नानांकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे वळल्या. “आपला लगीनले तीस वरीस व्हयनात. तुमना असा एक तरी फोटो शे का?”

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बायकोच्या हातातून फोटो घेऊन ते नानांच्या शेजारी येऊन बसले, इतके जवळ की नाना जरा सरकले.

“खरं सांगा,” आवाज खाली आणून आबांनी विचारलं, “हात सोडल्यावर भीती नाही वाटली का हो, व्याही?”