मागची खिडकी

मंत्री होण्याआधी साहेब प्रवासवर्णनं लिहायचे. एकट्याने वाळवंटं तुडवली, परक्या मुलखात पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी दिल्या आणि ते सगळं पुस्तकात मीठमसाला लावून सांगितलं. आता कोपऱ्यावर केस कापायला निघाले तरी पुढे दोन गाड्या आणि मागे तीन.

"बाबा, आज तरी मला शाळेत चालत सोडा ना. त्या गाड्या बघून कुणी माझ्याजवळ बसतच नाही," लेक रडकुंडीला आली.

"मागच्या गल्लीत थांब. आलोच."

साहेबांनी बाथरूमला आतून कडी घातली, नळ सोडला, दोन चादरींना गाठ मारली आणि खिडकीतून उतरू लागले. मध्येच पोट अडकलं, तेव्हा त्यांनी राजकारणाला मनापासून शिव्या घातल्या.

खाली सुरक्षारक्षक चादरीचं टोक धरून उभा होता. मागे पाचही गाड्या, आणि तोंड फुगवलेली लेक.

"तुला कसं कळलं रे?" साहेब लोंबकळत ओरडले.

"साहेब, सातवं प्रकरण. तुम्ही निवडून आल्यापासून आम्हाला ट्रेनिंगमध्ये तुमचंच पुस्तक लावलंय."