जोरिसची काठी

जोरिस ट्राममध्ये चढला तसे दोघेजण जागा द्यायला उठले. त्याच्या हातात काठी होती ना! मागून चढलेल्या त्याच्या बायकोकडे, लीव्हकडे, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ती दांड्याला धरून उभी राहिली आणि तिचा नुसता जळफळाट झाला.

दोघं एकाच सायकलवरून पडली होती, गेंट शहरातल्या ट्रामच्या याच रुळांत चाक अडकून. त्याचा पाय मोडला, तिच्या मेंदूला मार बसला. त्याच्या प्लॅस्टरवर अख्ख्या गल्लीने सह्या केल्या, वर सूप आणून दिलं. तिला मात्र सगळे म्हणाले, "नशीब, तुला काही झालं नाही!" आता दोन माणसं एकदम बोलली की तिला एकाचंही कळत नाही, आणि दुपारनंतर साधे शब्द सापडत नाहीत. पण हे दिसतं कुणाला?

"नोकरीच्या मुलाखतीत डोक्याचं काढू नकोस हं," जोरिस म्हणाला. "दोनदा खरं सांगितलंस, दोन्हीकडून नकार आला."

"आणि न सांगता धरलेली नोकरी? ती तरी कुठे टिकली?"

"ती बेकरी होती गं. कायम गर्दी."

"आणि हा जनावरांचा दवाखाना. कुत्री काय पाळीपाळीने भुंकणारेत?"

"चिडतेस कशाला? माझा पाय तरी कुठे धड झालाय?"

"तुझ्या पायाचं कौतुक पुरे झालं!"

दवाखान्याच्या दारात तिने त्याच्या हातातली काठी हिसकावून घेतली.

"अगं, पडेन ना मी!"

"खांब धर. येईलच कुणीतरी धावत."

काठी टेकत ती आत गेली. डॉक्टरीणबाई लगबगीने उठल्या. "सावकाश, सावकाश! पायाला लागलंय का? बसा बरं आधी." त्यांनी स्वतःची गादीची खुर्ची तिच्यापुढे ओढली.

इतकी माया लीव्हच्या वाट्याला आलीच नव्हती. ती तिला फार गोड लागली. 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीत दोन कुत्री भुंकू लागली, टेबलावरचा फोन वाजला, आणि डॉक्टरीणबाई पुढे काय म्हणाल्या ते तिला कळलंच नाही.

"पाय ठणठणीत आहे," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "काठी नवऱ्याची. मला लागलंय ते डोक्याला, आतून. खुर्ची परत घ्यायची असेल तर आत्ताच घ्या."