पाच ताके

वाल्मिकच्या बाईकवर मागे बसलेल्या गठ्ठ्यानं हेल्मेट घातलं होतं.

बन्सीलालनं पान्हा खाली ठेवला. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या त्या गॅरेजात त्यानं बरंच काही पाहिलं होतं, पण हेल्मेट घातलेलं कापड आज पहिल्यांदा.

"हे काय, भाऊ?"

"कोऱ्या कापडाचे ताके. पाच." वाल्मिक कडोदऱ्याच्या एका कारखान्यात लूम दुरुस्त करायचा. "शेठला विचारून आणलेत. संध्याकाळी परत द्यायचेत."

"आणि हेल्मेट?"

"काल ताके आणताना नाक्यावर पोलिसानं अडवलं. म्हणाला, आ कोण छे? मी म्हटलं, घरवाळी. तर म्हणाला, हेल्मेट पहेराव."

बन्सीलालनं विचार केला. पोलिसाचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं.

"अकरा किलोचा एक ताका," वाल्मिक म्हणाला. "सुषमा पंचावन्न किलोची आहे. म्हणजे पाच ताके."

"वाळूची गोणी बांधायची ना."

"वाळूला कोण बायको म्हणेल?"

बाईक नवी होती, लांबच्या प्रवासाची. ऐंशीच्या पुढे ती वाऱ्यासारखी जायची. वीसला मात्र खोकायची, आणि चढावर मागे वजन असलं की बंदच पडायची. वाल्मिकची तक्रार तेवढीच होती.

"वीसच्या स्पीडला जोर पाहिजे," तो म्हणाला.

"वीसनं जायला टूरिंग बाईक कोण घेतं? लोक माझ्याकडे दीडशेसाठी येतात."

"कोंडाईबारीच्या घाटात ट्रकच्या मागे वीसच मिळतात. मागच्या वर्षी जुनी गाडी तिथंच मेली. सुषमाला उतरवलं. ती डोक्यावर पिशवी घेऊन चढत आली, मी रिकामी गाडी वर नेऊन थांबलो. वर आली, माझ्याकडे बघितलं, आणि गावाकडे जाणाऱ्या एसटीला हात केला."

"मग?"

"मग काही नाही. घाटात उतरवणार नसाल तर सुरतेला येते, म्हणते. उद्या आणायला जायचंय."

बन्सीलालनं चेन ओढणारं पुढचं दातेरी चाक काढलं. पंधरा दातांचं होतं. त्या जागी चौदाचं बसवलं. "एक दात कमी. वरचा स्पीड कमी होईल, खाली जोर येईल. समोरच्या पुलाच्या चढावर बघून ये."

वाल्मिक गाडीवर बसला. पुलाच्या तोंडाशी त्यानं मान जराशी मागे वळवली आणि म्हणाला, "धर नीट." गॅरेजच्या दारातून बन्सीलालनं ते ऐकलं. गठ्ठ्यानं धरलं नाही.

पुलावर पुढे एक टेम्पो रांगत होता. त्याच्या मागे वाल्मिक वीसनं चढला. अर्ध्या चढापर्यंत ठीक. मग इंजिन ठकठक करायला लागलं, आणि माथ्याच्या जरा अलीकडे त्याला पाय टेकावे लागले. मागून हॉर्न वाजले. एक रिक्षावाला जाता जाता गठ्ठ्याला म्हणाला, "माताजी, उतरी जाव ने!"

गठ्ठा उतरला नाही.

"अजून खोकते," परत आल्यावर वाल्मिक म्हणाला.

"वजन पक्कं सांग, भाऊ. माणूस काय ताक्यात मोजायची वस्तू आहे? कधीचं वजन हे?"

"मागच्या वर्षीचं. कापसाच्या काट्यावर उभी केली होती."

"विचार तिला."

वाल्मिकनं फोन लावला. पलीकडे आधी कोंबडी ओरडली, मग सुषमा.

"तुनं वजन कितलं शे?"

"तुम्ही बाईक लिधी का काटा?"

"सांग ना."

"काल नर्सबाईनं केलं. चव्वेचाळीस."

वाल्मिक फोन कानाला लावून उभा राहिला. "पंचावन व्हतं."

"व्हतं."

कोंबडी पुन्हा ओरडली. तिला कुणी हाकललं नाही.

"एकलीसाठे कोन दोन टाइम सयपाक करस?" सुषमा म्हणाली. "आनि मी घाटमा उतरनार नही, सांगी ठेवस."

फोन बंद झाल्यावर वाल्मिकनं दोरी सोडली. एक ताका काढून बन्सीलालच्या बाकड्यावर ठेवला. दोरी पुन्हा बांधली, तर टोक हातभर जास्त आलं. हेल्मेट खाली घसरलं; खांदे असते तर खांद्यांवर बसलं असतं. वाल्मिकनं पट्टा आवळला. शेवटच्या भोकापर्यंत.

या वेळी तो "धर नीट" म्हणाला नाही.

बाईक पूल चढली. वीसनं, दुसऱ्या टेम्पोच्या मागे, एकदाही न खोकता. माथ्यावर तर ती इतकी अलगद पोचली की वाल्मिकनं मागे हात नेऊन गठ्ठा जागेवर आहे का ते चाचपलं.

बन्सीलाल दारातच उभा होता. "बघ! सांगितलं नव्हतं? एका दातानं केवढा फरक पडला!"

वाल्मिकनं गाडी स्टँडवर लावली. बाकड्यावरचा ताका उचलला, गठ्ठ्यावर ठेवला आणि दोरी पहिल्यासारखी पुरी ताणून बांधली.

"अजून एक दात कमी कर," तो म्हणाला.

"आता कशाला? चार ताके ओढते ना मस्त. तेराचं चाक टाकलं तर मोकळ्या रस्त्यावर सायकलवाले मागे टाकतील."

"टाकू दे."

"अरे, पण येताना चारच आहेत ना?"

"येताना चार," वाल्मिक म्हणाला. "दिवाळीला गावी जाताना पाच पाहिजेत."