तिच्या प्रकृतीचं जेवण

वैद्यांनी नाडी पाहून हात सोडला. "कुमुदिनीताई, तुमची प्रकृती कफाची. तिखट, हलकं मानवेल तुम्हाला. इतकी वर्षं फिकं, तुपातलं का खात होतात?"

"यांना पित्ताचा त्रास होता. दोन माणसांसाठी वेगवेगळं कशाला रांधायचं?"

नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले होते.

घरी येताना तिने मूठभर हिरव्या मिरच्या घेतल्या. लसूण घालून ठेचा केला, ज्वारीची भाकरी थापली. अडतीस वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच मिरचीचा खाट उठला.

पहिल्याच घासाला जिभेची आग झाली, नाकाडोळ्यांतून पाणी आलं. तिला हसूच फुटलं.

"अहो, पाणी आणा लवकर!" ती ताटावरून ओरडली.

मग पाण्यासाठी ती स्वतःच उठली.